प्रबंधातील ‘पाहा, तक्ता ३.२’ हे मजकूर हलल्यावरही बरोबर कसे राहील? (बुकमार्क आणि क्रॉस-रेफरन्स)

बारव_परभणी

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातील बारवांच्या (पायऱ्यांच्या विहिरींच्या) रचनेवर मी प्रबंध लिहीत आहे. वालूर, चारठाणा आणि पिंगळी येथील बारवांची मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे धरून मजकूर दोनशे पानांच्या पलीकडे गेला आहे. चारठाण्याचे विवेचन तिसऱ्या प्रकरणातून उचलून दुसऱ्या प्रकरणात आणावे, असे मार्गदर्शकांनी सुचविले आहे आणि ते मलाही पटते. अडचण अशी की, ‘पाहा, तक्ता ३.२’, ‘आकृती ३.७ मध्ये दाखविल्याप्रमाणे’, ‘मागे पृष्ठ ८४ वर आलेला उल्लेख’ अशी वाक्ये मजकुरात जागोजागी आहेत, त्यांतील क्रमांक हाताने टंकलेले आहेत आणि प्रकरण हलताच ते सगळे एकदम खोटे ठरतील.

वर्डमध्ये बुकमार्क आणि क्रॉस-रेफरन्स अशा दोन सोयी आहेत, हे ठाऊक आहे. परंतु या दोहोंत नेमका फरक काय, कोणत्या कामासाठी कोणती वापरावी आणि मराठी मजकुरात त्यांचा काही वेगळा त्रास होतो का, हे अनुभवी सदस्यांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे. संगणकावर वर्ड आहे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस आहे.

ग्रंथालयातून_संभाजीनगर

ताई, सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिचा क्रम चुकला तर पुढचे काम कितीतरी पटींनी वाढते. चारठाण्याचा मजकूर अद्याप हलविला नसेल तर तूर्त हलवू नका. आज आपले हाताने टंकलेले क्रमांक बरोबर आहेत, म्हणजे कोणते वाक्य कोणत्या तक्त्याकडे बोट दाखवते, हे फाइल पाहून कळते. मजकूर हलवल्यानंतर ‘तक्ता ३.२’ म्हणजे जुना ३.२ की नवा, हे वाक्यागणिक आठवावे लागेल. म्हणून प्रथम सर्व संदर्भ जिवंत करावेत आणि त्यानंतरच प्रकरणांची हलवाहलव करावी.

आता फरक. बुकमार्क म्हणजे दस्तऐवजातील एखाद्या जागेला किंवा मजकुराच्या तुकड्याला दिलेले नाव. ते नाव छापील पानावर दिसत नाही. क्रॉस-रेफरन्स म्हणजे अशा नावाकडे पाहून तिथला क्रमांक, मजकूर किंवा पृष्ठ आपल्या वाक्यात आणून ठेवणारे फील्ड, म्हणजे हाताने न टंकता वर्डने भरलेली आणि ताजी करता येणारी जागा. आपण शीर्षकाला किंवा तक्त्याला क्रॉस-रेफरन्स देतो, तेव्हा वर्ड स्वतःहून त्या जागी एक लपलेला बुकमार्क तयार करतो. त्याचे नाव अधोरेषेने सुरू होते आणि पुढे ‘रेफ’ व काही अंक असतात. बुकमार्कच्या खिडकीत ‘हिडन बुकमार्क्स’ या चौकटीत खूण केली की ही नावे यादीत दिसू लागतात. थोडक्यात, क्रॉस-रेफरन्स हा बुकमार्कवरच उभा असतो. फरक एवढाच की काही बुकमार्क आपण लावतो आणि काही वर्ड आपल्या नकळत लावतो.

आपल्या प्रबंधासाठी करावयाचे काम असे. प्रकरणांची आणि उपविभागांची शीर्षके केवळ ठळक करून सोडली असतील तर ती ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैलींत आणावीत आणि त्या शैलींना बहुस्तरीय यादीतून क्रमांक जोडावेत. मग प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावरील हाताने लिहिलेले ‘तक्ता ३.२’ पुसून रेफरन्सेस टॅबमधील ‘इन्सर्ट कॅप्शन’ वापरावे. तिथे ‘न्यू लेबल’मधून ‘तक्ता’, ‘आकृती’ आणि बारवांचे आराखडे स्वतंत्र मोजायचे असतील तर ‘आराखडा’ अशी आपली लेबले बनविता येतात. ‘नंबरिंग’मध्ये प्रकरणक्रमांक समाविष्ट करण्याची सोय आहे, शीर्षकांना क्रमांक दिलेले असतील तरच ती चालते, म्हणून शीर्षकांचे काम आधी उरकावे लागते.

एवढे झाल्यावर शोधखिडकीत ‘तक्ता’, ‘आकृती’, ‘पृष्ठ’ असे शब्द देत एकेका वाक्यापाशी जावे, हाताचा क्रमांक पुसावा आणि रेफरन्सेसमधील ‘क्रॉस-रेफरन्स’ उघडून प्रकार निवडावा. आपण बनविलेले ‘तक्ता’ हे लेबल तिथल्या यादीत आलेले दिसेल. ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ निवडले की वाक्यात ‘तक्ता ३.२’ येते, ‘पेज नंबर’ निवडले की पृष्ठक्रमांक येतो. ही खिडकी प्रत्येक वेळी बंद करण्याची गरज नाही. ती उघडी ठेवून मागील मजकुरात क्लिक करता येते आणि पुढील संदर्भ घालता येतो. ‘अबव्ह/बिलो’ हा पर्याय मात्र मराठीत वापरू नये. ‘वरील तक्त्यात’ किंवा ‘पुढे दिलेल्या आराखड्यात’ अशी आपली वाक्यरचना असते. तीत तो तुटक शब्द बसत नाही.

आणि मग चारठाणा हलवावे. त्यासाठी व्ह्यू टॅबमधील नेव्हिगेशन पेन उघडून त्या विभागाचे शीर्षक माउसने धरून वर ओढले की शीर्षकाखालील सर्व मजकूर, तक्ते आणि लपलेल्या बुकमार्कांसह विभाग नव्या जागी जातो. शेवटी कंट्रोल-ए दाबून एफ९ दाबावे. तोपर्यंत वाक्यांत जुनेच क्रमांक दिसत राहतील, कारण फील्ड आपले मागील उत्तर धरून ठेवते. ते पाहून सोय बिघडली असे समजू नये.

दस्तलेखन_अंबाजोगाई

ग्रंथालयातून सरांनी संदर्भांविषयी उत्तम लिहिले आहे. मी स्वतः लावलेल्या बुकमार्कांविषयी लिहितो, कारण आमच्या कामात तक्ते फारसे नसतात. तिथे एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो.

खरेदीखताच्या मसुद्यात गट क्रमांक, हेक्टर-आरमधील क्षेत्र आणि मोबदल्याची रक्कम अनेक ठिकाणी येते, आणि एका ठिकाणी बदल करून दुसऱ्या ठिकाणी तो राहून गेला तर पुढे चूकदुरुस्तीचा दस्त करण्याची वेळ येते. म्हणून मसुद्याच्या पहिल्या उल्लेखातील क्षेत्राचा आकडा निवडून आम्ही इन्सर्ट टॅबमधून त्याला बुकमार्क लावतो आणि उरलेल्या ठिकाणी क्रॉस-रेफरन्समध्ये ‘बुकमार्क’ हा प्रकार व ‘बुकमार्क टेक्स्ट’ हा पर्याय निवडतो. मूळ जागी आकडा बदलून एफ९ दाबले की सर्व ठिकाणी तो बदलतो. बुकमार्कच्या नावात मोकळी जागा चालत नाही, नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही आणि लांबी ४० अक्षरांपर्यंतच असते, अधोरेषा चालते. नावे रोमन लिपीत आणि ओळखू येतील अशी ठेवावीत. ‘बुकमार्क १’, ‘बुकमार्क २’ अशा नावांचा दुसऱ्याच दिवशी उलगडा होत नाही.

येथे एक मोठा खड्डा आहे. बुकमार्क केलेला आकडा संपूर्ण निवडून त्यावर नवा आकडा टंकला की आकड्याबरोबर बुकमार्कही पुसला जातो. मोजणीत हद्दीचा दगड उपटून शेजारी टाकावा आणि मग बांध शोधावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड येथे जाऊन ‘शो बुकमार्क्स’ सुरू ठेवावे. त्यामुळे बुकमार्क केलेला मजकूर चौकोनी कंसांत दिसतो. हे कंस छापले जात नाहीत. आकडा बदलताना कर्सर कंसांच्या आत, पहिल्या अंकानंतर ठेवून नवा आकडा लिहावा आणि त्यानंतर जुने अंक एकेक करून पुसावेत. आमच्याकडे नवीन येणाऱ्या टंकलेखकाला सर्वप्रथम हीच गोष्ट शिकवितो.

ज्यांना एवढी सावधगिरी शक्य नाही त्यांनी ‘क्विक पार्ट्स’मधील ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’ वापरावी. तिथली ‘सब्जेक्ट’सारखी एखादी चौकट मसुद्यात अनेक ठिकाणी ठेवली की कोणत्याही एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र उतरतो, त्यासाठी एफ९ दाबण्याचीही गरज नसते. मात्र अशा चौकटी मोजक्याच असल्याने दहा-बारा बदलत्या गोष्टी असलेल्या मसुद्याला त्या पुरत नाहीत.

कलमांच्या बाबतीत मात्र क्रॉस-रेफरन्सला पर्याय नाही. ‘वर कलम ४ मध्ये नमूद केलेल्या अटींच्या अधीन राहून’ या वाक्यातील ४ हा ‘नंबर्ड आयटम’ या प्रकारातूनच आलेला असावा. मध्ये एक कलम वाढले आणि तो ४ तसाच राहिला तर वाक्याचा कायदेशीर अर्थच बदलतो.

जालना_शिक्षक

चर्चा उपयुक्त आहे. तथापि एक वेगळे मत मांडतो. पंधरा-वीस पानांच्या शोधनिबंधात चार तक्ते असतात, आणि त्यासाठी शैली, कॅप्शन, फील्ड हे सर्व मांडत बसण्यापेक्षा शेवटी एकदा डोळ्यांखालून घालून क्रमांक दुरुस्त करणे सोपे नाही का? शिवाय संपादकांकडे फाइल गेल्यावर ते आपल्या साच्यात मजकूर ओततात आणि आपल्या फील्डांचे काय होते ते देवच जाणे.

ग्रंथालयातून_संभाजीनगर

सर, चार तक्त्यांच्या निबंधापुरते आपले म्हणणे मान्य आहे. तिथे मीही हातानेच लिहितो. परंतु काम मोठे आहे की लहान, हे पानांवरून ठरवू नये. मजकूर किती वेळा हलणार आहे आणि किती हातांतून जाणार आहे, ते पाहावे. मार्गदर्शक, सहमार्गदर्शक आणि परीक्षक यांच्याकडून सूचना येत राहणार असतील तर प्रत्येक फेरीनंतर ‘शेवटी एकदा’ नव्याने करावे लागते.

संपादकांकडे पाठविण्याच्या प्रश्नावर उपाय आहे. फाइलची प्रत काढून त्या प्रतीत कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबले की सर्व फील्डांचे साध्या मजकुरात रूपांतर होते. हे मूळ फाइलवर कधीही करू नये, कारण जतन करून फाइल बंद केल्यावर परतीचा मार्ग राहत नाही.

बारव_परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या प्रकरणावर हे करून पाहिले आणि आराखड्यांचे संदर्भ अपेक्षेप्रमाणे आले. आता मराठीची अडचण समोर आली आहे. क्रॉस-रेफरन्स ‘तक्ता २.१’ असे देतो, परंतु माझे वाक्य ‘तक्त्यात दिल्याप्रमाणे’, ‘तक्त्यावरून दिसते की’ असे आहे. ‘तक्ता २.१ वरून’ असे लिहिले तर मार्गदर्शक लाल रेघ ओढतात. ‘आराखडा’ या शब्दाचेही तेच होते. केवळ ‘२.१’ एवढेच आणायचे असेल तर वर्डच्या यादीत तसा पर्याय सापडत नाही.

आणखी एक. तिसऱ्या प्रकरणातील काही भाग मी पूर्वी कृतिदेव फाँटमध्ये टंकला होता. तिथे घातलेले संदर्भ विचित्र दिसतात.

अक्षरजुळणी_लातूर

ताई, आपले दोन्ही प्रश्न आमच्या रोजच्या कामातील आहेत, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

सामान्यरूपाच्या अडचणीवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅप्शनच्या लेबलातच ‘तक्ता क्रमांक’ असे लिहिणे. मग प्रत्यय ‘तक्ता’ला न लागता पुढे जातो आणि ‘तक्ता क्रमांक २.१ वरून’, ‘आराखडा क्रमांक ३.४ मध्ये’ ही रचना छापील मराठी ग्रंथांत सर्रास आढळते, म्हणून तिच्यावर कोणी लाल रेघ ओढणार नाही. ‘आकृती’, ‘प्रकरण’ आणि ‘परिशिष्ट’ या शब्दांचे लेबल तसेच ठेवले तरी चालते, कारण ‘आकृती २.३ मध्ये’ किंवा ‘परिशिष्ट २ मध्ये’ कानाला खटकत नाही.

‘तक्त्यावरून (२.१) दिसते की’ अशी रचनाच हवी असेल तर केवळ क्रमांक आणावा लागतो आणि वर्डच्या कॅप्शन-संदर्भात तसा पर्याय खरोखरच नाही. तिथे दस्तलेखन सरांनी सांगितलेला हाताचा बुकमार्क कामाला येतो. कॅप्शनमधील ‘२.१’ एवढाच भाग निवडून त्याला बुकमार्क लावावा आणि ‘बुकमार्क टेक्स्ट’ म्हणून तो वाक्यात आणावा. ‘तक्त्यावरून’ हा शब्द आपण हाताने लिहायचा. तक्ते मोजके असतील तर हे करावे; पन्नास तक्ते असतील तर ‘क्रमांक’चा उपाय बरा. अंकांच्या बाबतीतही एक दक्षता घ्यावी. मूळ कॅप्शनमध्ये जे अंक असतील, देवनागरी किंवा इंग्रजी, तेच संदर्भात जसेच्या तसे येतात. म्हणून हाताने टंकलेल्या मजकुरातील अंक त्यांच्याशी जुळतील असे धोरण सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

आता कृतिदेव. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर मराठी नसतोच. तिथे रोमन अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक साठविलेले असतात आणि फाँट फक्त त्यांना देवनागरी आकार देतो. त्यामुळे दोन गमती होतात. कृतिदेवमधील शीर्षकाचा संदर्भ युनिकोड (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या) फाँटमधील परिच्छेदात घातला की संदर्भाला पुष्कळदा त्या परिच्छेदाचा फाँट लागतो आणि शीर्षकाऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. आपल्याला विचित्र दिसते ते बहुधा हेच असावे.

दुसरी गंमत अधिक धोक्याची आहे. संदर्भाचे मूळ ठिकाण पुसले गेले की वर्ड ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असा इंग्रजी संदेश त्या जागी छापतो. युनिकोड मजकुरात तो इंग्रजीत असल्याने चटकन नजरेत भरतो. परंतु परिच्छेदाला कृतिदेव लावलेला असेल तर हाच संदेश देवनागरी आकारांत दिसतो. ‘एरर’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग तिथे ‘म्ततवत’ असे उमटते. मुद्रितशोधकाची नजर दमलेली असली की अशी ओळ सरळ निसटते आणि बांधणी झालेल्या प्रतीत सापडते. शोधखिडकीत मात्र ‘एरर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकून शोधला की कोणत्याही फाँटमध्ये तो सापडतो, कारण आतील संकेत इंग्रजीच असतात. छपाईला फाइल देण्यापूर्वी हा शोध घेतल्याशिवाय आम्ही काम पुढे सरकू देत नाही.

यावरील कायमचा उपाय म्हणजे तो भाग आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार नीट वाचून घेणे आणि मगच संदर्भ घालणे. उलट क्रमाने गेल्यास रूपांतराच्या वेळी फील्डे मोडतात आणि सगळे पुन्हा करावे लागते.

बारव_परभणी

कृतिदेवविषयी आपण म्हणता तसेच आहे. तो भाग आता रूपांतर करून घेते. एक उपप्रश्न विचारते: संदर्भाचे मूळ ठिकाण पुसले जाते म्हणजे नेमके केव्हा? मी तर शीर्षके पुसत नाही.

ग्रंथालयातून_संभाजीनगर

शीर्षक ‘पुसणे’ अनेक प्रकारे घडते. पूर्ण शीर्षक निवडून त्यावर नवे शीर्षक टंकले, तर वर्डच्या लेखी जुने गेले आणि त्याबरोबर लपलेला बुकमार्कही गेला. विभाग कापून डकविला तर तो बुकमार्कसह जातो. पण विभागाची नक्कल दुसरीकडे डकविली आणि मूळ विभाग नंतर पुसला, तर बुकमार्क मूळ जागीच राहिलेला असतो आणि तोही पुसला जातो. मजकूर ‘हलविण्याची’ ही सवय पुष्कळांना असते. तिच्यामुळेच सर्वाधिक संदर्भ मरतात.

याच्या उलट दोषही पाहण्यात येतो. क्रमांक किंवा शीर्षक यायला हवे तिथे अख्खा परिच्छेद उमटतो. शीर्षकाच्या मधोमध एंटर दाबून त्याचे दोन भाग केले असता लपलेला बुकमार्क दोन्ही परिच्छेदांवर पसरतो आणि संदर्भ ते सर्व उचलून आणतो. अशा वेळी संदर्भ पुसून नव्याने घालणे हाच कमी श्रमाचा मार्ग.

कोणते फील्ड कुठे पाहते आहे हे तपासायचे असेल तर ऑल्ट-एफ९ दाबावे. सर्व फील्डांचे मूळ संकेत महिरपी कंसांत दिसतात, आणि त्याच कळांनी पुन्हा पूर्ववत होतात. एखाद्याच फील्डासाठी शिफ्ट-एफ९ पुरते. संदर्भावर कंट्रोल धरून क्लिक केले की आपण मूळ जागी पोहोचतो आणि ऑल्टसह डावा बाण दाबला की परत येतो. मुद्रितशोधनात याचा फार उपयोग होतो.

गोदाकाठ_नांदेड

मूळ प्रश्नात लिब्रेऑफिसचा उल्लेख होता, तो मागे पडला. रायटरमध्ये कंट्रोल-एफ२ दाबले की फील्डांची खिडकी उघडते आणि तिच्यातील क्रॉस-रेफरन्सेसच्या पानावर शीर्षके, क्रमांकित परिच्छेद, बुकमार्क, तळटीपा आणि कॅप्शन हे सर्व प्रकार मिळतात. अक्षरजुळणी सरांनी ज्या गोष्टीसाठी बुकमार्कचा वळसा सांगितला, ती येथे सरळ मिळते: कॅप्शनच्या संदर्भात लेबल वगळून केवळ क्रमांक घेण्याचा पर्याय आहे. म्हणजे ‘तक्त्यावरून’ हा शब्द हाताने आणि २.१ फील्डाने. मराठीला ही रचना वर्डपेक्षा अधिक मानवते, असे माझे मत आहे. एफ५ दाबून येणाऱ्या नेव्हिगेटरमध्ये सर्व बुकमार्क एकत्र दिसतात आणि एफ९ने फील्डे ताजी होतात.

मात्र घरी लिब्रेऑफिस आणि विभागात वर्ड असे एकाच फाइलवर आलटूनपालटून काम करू नये. साधा मजकूर आणि शीर्षके बहुतेक सुखरूप ये-जा करतात, परंतु संदर्भांच्या बाबतीत दोघांची अंतर्गत मांडणी वेगळी आहे आणि प्रबंधासारख्या कामात त्या प्रवासाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. लिहिण्यासाठी एक निवडावे आणि शेवटपर्यंत त्यातच राहावे. गूगल डॉक्समध्ये बुकमार्क आणि शीर्षकांचे दुवे आहेत, परंतु दुव्यातील ‘तक्ता २.१’ हा मजकूर तक्ता सरकल्यावर आपोआप बदलत नाही. म्हणून सामूहिक टिपणांपुरतेच ते ठीक आहे.

बारव_परभणी

घरच्या लॅपटॉपवर आता केवळ वाचन करीन. शेवटची मोठी शंका तळटीपांची आहे. इतिहासाच्या प्रबंधात ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ वापरण्याचा आमच्याकडे आग्रह असतो. विभाग हलविला की ‘तत्रैव’च्या आधी भलत्याच ग्रंथाची तळटीप येते. यावर क्रॉस-रेफरन्सने काही करता येते का?

ग्रंथालयातून_संभाजीनगर

‘तत्रैव’चे काही करता येत नाही. तो शब्द फक्त ‘लगेच आधीच्या तळटीपेतील ग्रंथ’ एवढेच सांगतो. त्याला दुसऱ्या टोकाला काही बांधलेलेच नसते. त्यामुळे मसुद्याच्या अवस्थेत ‘तत्रैव’ लिहूच नये, असे मी प्रत्येक संशोधकाला सांगतो. प्रत्येक तळटीपेत लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि पृष्ठ लिहावे. सर्व हलवाहलव संपल्यावर, अगदी शेवटच्या वाचनात, लागोपाठच्या तळटीपा पाहून ‘तत्रैव’ करावे. हे काम एका बैठकीत होते.

‘उपरोक्त’ मात्र वाचविता येते. ‘उपरोक्त, तळटीप १४’ यातील १४ हा अंक क्रॉस-रेफरन्समधील ‘फूटनोट’ या प्रकारातून घालावा. मध्ये नव्या तळटीपा आल्या तरी तो आपल्या मूळ तळटीपेचा नवा क्रमांक दाखवितो. पण एक गोष्ट लक्षात असू द्यावी: मुख्य मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल-ए दाबले तर तळटीपांचा भाग निवडला जात नाही, त्यामुळे एफ९ तिथपर्यंत पोहोचत नाही. कोणत्याही एका तळटीपेत क्लिक करून तिथे पुन्हा कंट्रोल-ए आणि एफ९ दाबावे लागते. शीर्षपट्टी, तळपट्टी आणि मजकूरचौकटी यांनाही हाच नियम लागू आहे. आराखड्यांची कॅप्शने मजकूरचौकटीत ठेवली असतील तर ती बाहेर काढून चित्राखालच्या साध्या परिच्छेदात ठेवावीत; पुष्कळ कटकट वाचते.

अक्षरजुळणी_लातूर

छपाईच्या दुकानात फाइल नेणाऱ्यांसाठी यात एक भर घालतो. वर्डच्या डिस्प्ले ऑप्शन्समध्ये ‘छपाईपूर्वी फील्डे ताजी करा’ अशा अर्थाची खूण असते. आपल्या संगणकावर ती नसेल आणि दुकानातील संगणकावर असेल, तर घरी नीट दिसणारे मेलेले संदर्भ नेमके छपाईच्या क्षणी संदेश बनून उमटतात. म्हणून ती खूण घरीच करून, छपाईचे पूर्वदर्शन पाहून, मग पीडीएफ तयार करावी आणि दुकानात पीडीएफच न्यावी.

बारव_परभणी

पीडीएफविषयीच विचारणार होते. शोधगंगेसाठी (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी) प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ द्यावी लागते. म्हणजे प्रबंधाच्या वेगळ्या वर्ड फाइली कराव्या लागतील का? तसे केल्यास दुसऱ्या प्रकरणातून चौथ्या प्रकरणातील तक्त्याचा संदर्भ कसा चालेल?

ग्रंथालयातून_संभाजीनगर

वेगळ्या वर्ड फाइली करू नयेत. क्रॉस-रेफरन्सला लक्ष्य त्याच दस्तऐवजात लागते, त्यामुळे तुकडे केले की प्रकरणांमधले सर्व संदर्भ तुटतात. वर्डमध्ये वेगळ्या फाइली एकत्र बांधणारी ‘मास्टर डॉक्युमेंट’ नावाची सोय आहे, परंतु तिच्यामुळे बिघडलेल्या फाइलींच्या तक्रारी इतक्या जुन्या आहेत की प्रबंधासाठी मी ती सुचविणार नाही. छायाचित्रांमुळे फाइल जड झाली असेल तर चित्रे संकुचित करावीत.

वर्डची फाइल एकच ठेवावी आणि तुकडे पीडीएफ काढताना करावेत. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडून ‘ऑप्शन्स’ उघडले की पृष्ठमर्यादा देता येते. दुसरे प्रकरण ज्या पानापासून ज्या पानापर्यंत आहे तेवढीच पाने देऊन ती फाइल जतन करावी. मजकुरातील ‘तक्ता क्रमांक ४.३’ हा क्रमांक बरोबरच राहतो. फक्त त्यावर क्लिक केल्यावर दुसऱ्या पीडीएफमध्ये जाता येणार नाही, आणि वाचकही त्याची अपेक्षा करत नाही. त्याच खिडकीत ‘क्रिएट बुकमार्क्स यूजिंग हेडिंग्ज’ ही खूण करावी, म्हणजे पीडीएफच्या डाव्या बाजूला शीर्षकांची उतरंड येते आणि परीक्षकांना वालूरपासून पिंगळीपर्यंत थेट जाता येते. शीर्षकांना आधीच हेडिंग शैली दिल्याचा हा दुसरा लाभ आहे. ‘प्रिंट टू पीडीएफ’ या छपाईच्या वाटेने मात्र जाऊ नये. त्या वाटेने हे बुकमार्क आणि दुवे दोन्ही गळून पडतात.

दस्तलेखन_अंबाजोगाई

पृष्ठमर्यादा देताना एक दक्षता घ्यावी. प्रारंभिक पानांना वेगळे क्रमांक आणि प्रकरणांना १ पासून क्रमांक असतील, तर छापील पृष्ठक्रमांक आणि फाइलमधील पानाचा प्रत्यक्ष क्रम यांत फरक पडतो. पीडीएफ काढल्यावर तिचे पहिले आणि शेवटचे पान उघडून प्रकरण पूर्ण आले आहे ना, हे पाहून घ्यावे आणि मगच ती फाइल पुढे पाठवावी.